कुत्रं असलेलं घर विकताना: पहिल्या फोनपासून ताबा देईपर्यंत

पहिल्याच रविवारी आमचं घर बघायला आलेले गृहस्थ परत जाताना एका पायात स्वतःची कोल्हापुरी आणि दुसऱ्या पायात माझ्या नवऱ्याची रबरी स्लीपर घालून जिना उतरले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. दार पुरतं लागलं नव्हतं. खारीने एक चप्पल उचलली, पलंगाखाली नेली आणि आम्ही "हॉलमध्ये सकाळचं ऊन येतं" वगैरे सांगत होतो तोवर अंगठा खाऊन मोकळी झाली. माणूस सभ्य होता. "असू द्या हो" म्हणाला. फोन मात्र पुन्हा आला नाही.

खारी म्हणजे आमची सहा वर्षांची देशी, खारी बिस्किटाच्या रंगाची. कोथरूडचा दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके विकून आम्ही वाकडला आलो, त्याला सात महिने लागले. त्यातले पहिले तीन पाण्यात गेले. लोक येत, बघत, जात. किंमत रास्त होती, घरही बरं होतं. पण येणाऱ्याला घर दिसतच नव्हतं, कुत्रं दिसत होतं. आणि ज्यांना आम्ही "छे हो, तिचा काही त्रास नाही" म्हणून उडवून लावलं, त्यांनी खाली उतरून शेजाऱ्यांना विचारलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कुत्रं आहे हे लपवू नका, आणि घर दाखवताना कुत्रं घरात ठेवू नका. पुढच्या पायऱ्या या दोन गोष्टी जमाव्यात म्हणूनच आहेत.

१. एजंटला फोन करण्याआधी कुत्र्याची सोय करा

लोक घर बघायला येतात ते रविवारी अकरा ते एक, नाहीतर ऑफिस सुटल्यावर सात-साडेसातला. नेमकी हीच कुत्र्याची जेवायची नाहीतर फिरायची वेळ. शिवाय "पाच मिनिटांत पोहोचतोय" याचा अर्थ चाळीस मिनिटं. म्हणजे सोय अर्ध्या तासाची नाही, दोन तासांची लागते, आणि तीही ऐनवेळी सांगून.

आम्ही तीन जागा ठरवल्या. घरात दोघं असू तर एकाने खारीला घेऊन बाहेर पडायचं. एकटी असेन तर तळमजल्याच्या काकूंकडे, कारण त्यांचा तिला लळा होता. दोन्ही नाही जमलं तर पैसे देऊन डे-केअर. डे-केअरवाले लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय घेत नाहीत, आणि काही ठिकाणी केनल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लसही मागतात, म्हणून हे आधीच विचारून ठेवा. पहिल्यांदा अर्धा दिवस सोडून बघा. घर दाखवायच्या दिवशीच नव्या जागी नेलं तर तुमचा जीव तिकडे आणि बोलणी इकडे.

या जागा मात्र बाद धरा:

- बाल्कनी आणि बाथरूम. घेणारा ती उघडून बघणारच. बंद दारामागून भुंकणारं कुत्रं समोर बसलेल्या कुत्र्यापेक्षा दसपट मोठं वाटतं.
- पार्किंगमधली बंद गाडी. उन्हात गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी ठेवूनही. कुत्रं धाप टाकूनच अंग गार करतं. गाडीत ती सोय संपते.
- सोसायटीची गच्ची. वर पाण्याच्या टाक्या असतात, आणि त्यावरून एक नवं भांडण.

मुहूर्ताचंही बघा. पितृपंधरवड्यात टोकन द्यायला फारसं कोणी पुढे येत नाही. ते पंधरा दिवस साफसफाई आणि डागडुजीला वापरा. नवरात्र ते दसरा भराभर माणसं येतात. दिवाळीत संध्याकाळी घर दाखवायच्या भानगडीत पडू नका. फटाक्यांनी बावरलेल्या कुत्र्याला बाहेर काढता येत नाही आणि आत ठेवता येत नाही.

२. नाक उसनं आणा

तुमच्या घराला कुत्र्याचा वास येतो. येतोच. तुम्हाला तो येत नाही, कारण तुम्ही त्यात राहता. मी नणंदेला बोलावलं. तिच्याकडे मनीमाऊसुद्धा नाही. तिला म्हटलं, दारातून आत ये आणि चहाआधी सांग. ती हॉलमध्ये काही बोलली नाही, बेडरूममध्ये नाही, पण बाल्कनीच्या उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "वहिनी, इथे." मी रोज तिथे उभी राहून कपडे वाळत घालत होते.

तिथे काय होतं? खारी पिल्लू असताना त्या कोपऱ्यात शू करायची. फरशी पुसली जात होती, पण फरश्यांच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंट स्पंजासारखं असतं, त्यात पाच वर्षांचं साठलं होतं. पावसाळी हवा पडली की वर यायचं. दिसत नसेल तर रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, जुने डाग फिकट पिवळट-हिरवे चमकतात. टॉर्च मोबाइलच्या चार्जरएवढीच महाग असते. एक सूचना: बाथरूममध्ये मारू नका, मनःशांती जाते.

मग सफाई. आपल्याकडे पहिला हात फिनेलकडे जातो, आणि तिथेच चुकतं. काळं फिनेल कुत्र्याला घातक असतं. ओल्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं. अमोनियावाली लादी पुसायची द्रव्यंही नकोत, कारण शूच्या वासातही अमोनियाच असतो. कुत्र्याला वाटतं दुसऱ्या कोणीतरी इथे केली, आणि ते त्यावर आपली सही करतं. ऑनलाइन किंवा पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लिनर मिळतं, ते आणा. जागा साध्या पाण्याने पुसून घ्या, क्लिनर सांध्यात मुरेल इतकं ओता, दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका, मग टिपून आपोआप वाळू द्या. त्याच वेळी दुसरं जंतुनाशक ओतलं तर एन्झाइमचं काम तिथेच थांबतं. आमच्या कोपऱ्याला तीनदा केलं. तरीही राहिलं तेव्हा गवंड्याकडून चार फरश्यांचे सांधे खरवडून नव्याने भरून घेतले. अर्ध्या दिवसाचं काम.

सोफा, गाद्या, गालिचा यांवर रात्री खायचा सोडा भुरभुरवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. पडदे धुवा, पडद्यांना वास धरतो हे कोणाच्या लक्षात येत नाही. एसीची जाळी काढून बघा, केसांचं नमदं निघेल. सोफ्यावरचे केस ओल्या रबरी हातमोज्याने ओढले की गोळा होऊन येतात.

एवढं करूनही वास राहिला तर कुत्र्याला डॉक्टरकडे न्या. कानातला संसर्ग किंवा भरलेल्या गुदग्रंथी यांचा वास आंघोळीने जात नाही. आंघोळ मात्र घर दाखवायच्या दिवशी घालू नका. ओलं कुत्रं जास्त घमघमतं. दोन दिवस आधी घाला आणि पूर्ण सुकवा.

वास झाकायला धूप, कापूर, रूम फ्रेशनर लावण्याचा मोह होतो. घेणारे हुशार असतात, घमघमाट आला की "काय लपवतायत?" हाच प्रश्न पडतो. आणि कपाटात डांबरगोळ्या अजिबात नको, कुत्र्याने एक जरी गिळली तरी पळापळ. खिडक्या उघडा, पंखा लावा, बस.

आणखी एक वास, जरा नाजूक. खारीचं चिकनभाताचं भांडं रविवारी सकाळी शिजायचं. एक शाकाहारी कुटुंब आलं, सगळं आवडलं, निघताना त्या बाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघून हळूच विचारलं, "इथे रोज करता का हो?" घर त्यांचं होणार होतं, ओटाही त्यांचाच होणार होता. त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हापासून भात शनिवारी रात्री शिजवून डब्यात.

३. ओरखडे आणि गोचीड

दाराच्या खालच्या वीतभर भागावर नखांचे ओरखडे असतात. लाकडाची पुट्टी, घासपेपर, पॉलिश. सुताराला एक सकाळ पुरते. भिंतीला कुत्रं अंग घासतं तिथे तेलकट पट्टा पडतो, त्यावर नुसता रंग मारला तर डाग वर येतो, आधी साबणाच्या पाण्याने धुऊन प्रायमर लावा.

गोचीड दिसला तर सगळी कामं सोडून आधी तो. गोचीड घरातच, भिंतीच्या फटीत आणि स्कर्टिंगमागे अंडी घालतो. कुत्र्याला डॉक्टरच्या सल्ल्याने औषध आणि घराला पेस्ट कंट्रोल, दोन्ही एकाच आठवड्यात. पेस्ट कंट्रोलवाल्याला घरात कुत्रं आहे हे सांगा आणि तो म्हणेल तितके तास कुत्र्याला बाहेर ठेवा.

४. शेजाऱ्यांशी आधी बोला

खरेदीदार तुमच्याकडे पाऊण तास असतो आणि खाली वॉचमनशी दहा मिनिटं. ती दहा मिनिटं जास्त वजनाची. आमच्या बाबतीत समोरच्या काकांनी लिफ्टमध्ये एका जोडप्याला सांगितलं, "कुत्रं रात्रभर भुंकतं." रात्रभर नाही, पण भुंकायचं हे खरं. मी त्यांच्याकडे जाऊन बसले, विषय काढला, आणि कळलं की त्यांचा राग भुंकण्याचा नव्हताच, दोन वर्षांपूर्वी जिन्यात खारीने त्यांच्या नातवावर झेप घेतली त्याचा होता. मी तेव्हा हसून "खेळतेय हो" म्हटलं होतं. माफी मागितली. दोन वर्षं उशिरा का होईना. पुढच्या खरेदीदाराला काकांनी पाण्याचा दाब चांगला आहे एवढंच सांगितलं.

सोसायटीचं खातंही तपासा. कुत्र्यापायी कधी दंड लावला असेल आणि तुम्ही भरला नसेल, तर तो थकबाकीत दिसतो आणि ना-देय दाखला मागायला गेल्यावर समोर येतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, की लिफ्ट वापरतं म्हणून जादा पैसे लावता येत नाहीत. या सूचनांची प्रत घेऊन सोसायटीच्या समितीला आधी भेटा. पण साफसफाईची दीड-दोनशे रुपयांची पावती असेल तर भरून टाका. तत्त्वासाठी भांडायला घर विकून झाल्यावर आयुष्य पडलंय.

५. एजंटला काय सांगायचं

तीन गोष्टी फोनवरच सांगा: घरात कुत्रं आहे, दाखवायच्या वेळी ते नसेल, आणि निदान दोन तास आधी कळवल्याशिवाय कोणाला आणू नका. एजंट म्हणतात, "दारात आहोत, पाचच मिनिटं." एकदा हो म्हटलंत की दर वेळी तेच. मी दोनदा नाही म्हटलं, मग सुधारले. एजंट महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे) नोंदणीकृत आहे ना तेही बघून घ्या.

आमच्या एका एजंटने सुचवलं, "दोन-तीन महिने गावी सोडून द्या ना." कोणी जबाबदारीने सांभाळणारं असेल तर प्रश्न नाही. पण "सोडून द्या" मधलं सोडणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. त्या एजंटला आम्ही सोडला.

फोटो काढताना भांडी, गादी, खेळणी, दारावरची "कुत्र्यापासून सावध" पाटी, सगळं बाजूला. कुत्र्याचा गोड फोटो टाकावा असं वाटतं, नको. कुत्र्याची माहिती फोनवर द्या, फोटोत घर दिसू दे.

६. दाखवायचा दिवस

फोन आला की हा क्रम. कुत्र्याला खायला घालून बाहेर पाठवा, उपाशी नव्हे. भांडी, गादी आणि पट्टा एका मोठ्या पिशवीत, पिशवी गाडीत. फरशी कोरडी पुसा. खिडक्या उघडा. आणि चपलांचं स्टँड दाराच्या आत घ्या, हे आम्ही एक कोल्हापुरी गमावून शिकलो.

कधीतरी बेत फसतो आणि कुत्रं घरात असतानाच पाहुणे जिन्यात असतात. तेव्हा दार उघडण्याआधी पट्टा घालून एकाने कुत्र्याला हातात धरावं. "काही करत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. घाबरणाऱ्याला त्याने धीर येत नाही, उलट आपली भीती खोटी ठरवली जातेय असं वाटतं. "मी धरलंय, तुम्ही निवांत बघा" म्हणा आणि कुत्र्याला घेऊन खाली जा. पाहुण्यांच्या मुलांना बिस्किट भरवू देऊ नका. परक्याच्या वासाने आधीच ताणलेलं कुत्रं हातावर दात लावू शकतं, आणि निष्काळजीपणाने प्राणी सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

७. टोकन मिळालं म्हणजे संपलं नाही

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टोकननंतर येणारी माणसं आधीपेक्षा जास्त. खरेदीदार कर्ज घेत असेल तर बँकेचा मूल्यांकन करणारा इंजिनीअर येतो, खोल्या मोजतो, फोटो काढतो. मग खरेदीदाराचे आईवडील. मग इंटिरिअरवाला, टेप घेऊन, तीनदा. वाकून, गुडघ्यावर बसून, ओरडून आकडे सांगत कोपरे मोजणारा अनोळखी माणूस कुत्र्याला मुळीच पसंत पडत नाही. म्हणून बाहेर पाठवायची शिस्त ताबा देईपर्यंत चालू ठेवा. आमची ढिली पडली आणि खारीने टेपचं टोक धरून ओढलं. सुदैवाने इंटिरिअरवाल्याच्या घरी लॅब्रॅडॉर होता.

सौदा ठरल्यावर पेढे येतात. पेढ्यांचं ठीक आहे, पण सुकामेव्याच्या डब्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. डबा वर ठेवा.

८. कागद आणि सामान

घराचे कागद (मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ताकराची आणि वीजबिलाची ताजी पावती, सोसायटीचा ना-देय दाखला, कर्ज असेल तर बँकेचं पत्र) तुमचा वकील सांगेलच. कुत्र्याची फाइल वेगळी करा:

- लसीकरणाचं कार्ड, रेबीजची तारीख वर्षाच्या आतली
- महापालिकेचा श्वान परवाना. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन वेगळ्या महापालिका आहेत; कोथरूडहून वाकडला येताना नवा काढावा लागतो
- मायक्रोचिप असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांक, आणि नोंदीतला पत्ता बदलल्याची खात्री
- जुन्या डॉक्टरकडून आजारपणाची आणि औषधांची नोंद
- गळ्यात मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला

मधल्या काळात भाड्याने राहणार असाल तर इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. नव्या घराचा ताबा लांबला म्हणून आम्ही चार महिने भाड्याने राहिलो. पहिल्या घरमालकांनी तोंडी "चालेल हो" म्हटलं, आणि सामान येण्याच्या आदल्या आठवड्यात "बायको नको म्हणतेय." कुत्र्याचा उल्लेख भाडेकरारात लिहून घ्या, नोंदणी होईपर्यंत जुन्या घराच्या ताब्याची तारीख पक्की करू नका.

९. नोंदणीचा दिवस

दुय्यम निबंधकांकडे सगळ्या विकणाऱ्यांना जावं लागतं. फोटो आणि अंगठा असतो. नवराबायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघंही दिवसभर बाहेर. किती वेळ लागेल ते त्या दिवशी संगणक काय म्हणतो त्यावर. सकाळीच कुत्र्याला डे-केअरला सोडा, संध्याकाळपर्यंतचे पैसे भरून.

ताबा त्याच दिवशी द्यायचं कबूल करू नका. बँकेचे पैसे यायला वेळ लागतोच; करारनाम्यात पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर पंधरा दिवस तरी मागून घ्या. कुत्र्याला घर बदलताना एवढी सवड हवीच.

१०. सामान हलवायचा दिवस

या दिवशी कुत्रं हरवायची भीती मोठी. दार सताड उघडं, पाच अनोळखी माणसं आत-बाहेर, पॅकिंगच्या टेपचा चर्रर्र आवाज. कुत्र्याला त्या दिवशी घरात ठेवूच नका. गुंगीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. घरातली ब्रुफेनसारखी वेदनाशामकं तर कुत्र्याला विष.

गादी आणि चादर धुवू नका. नव्या घरात आधी ती टाका, मग कुत्र्याला आत आणा. जेवणाची वेळ आणि भांडं तेच. पहिले दोन आठवडे पट्टा न सोडता फिरवा, ओळखीची वाटली तरी. खारीने नव्या लिफ्टमध्ये चार दिवस पाय ठेवला नाही. आम्ही सात मजले जिन्याने चढलो. पाचव्या दिवशी तिच्याच मनाने ती आत शिरली आणि आरशात स्वतःला बघून भुंकली.

जुन्या पत्त्यावर महिनाभर पत्रं आणि कुरिअर येत राहतात. ते आणायला गेले तेव्हा मी खारीला बरोबर नेलं, तेवढंच तिचं फिरणं होईल म्हणून. तिने माझ्या हातातून पट्टा सोडवला, दोन मजले चढली आणि आमच्या जुन्या दारासमोर शेपूट हलवत उभी राहिली. दार नव्या बाईंनी उघडलं. कुरिअर वॉचमनकडे ठेवायला सांगा, आणि आणायला एकट्याने जा.